प्रियदर्शिनीचा चेहरा तीनदा नामंजूर

तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, तीनदा; आणि तिन्ही वेळा सुरुवातीला ‘डिअर पेरेंट’ लिहून. मी पेरेंट नाही. पेरेंटचा मित्र आहे. पण तुमच्या फॉर्ममध्ये मित्राला रकाना नव्हता, त्यामुळे गेले दोन आठवडे तुमच्या दप्तरी मी प्रियदर्शिनीचा बाप आहे आणि तिचा खरा बाप ‘अदर’ आहे. ही चूक मी सोडून देतो. बाकीच्या सोडणार नाही.

तुमच्या तक्रारीच्या चौकटीत पाचशे अक्षरं मावतात. पाचशे अक्षरांत माझा राग कोमटसुद्धा होत नाही. शिवाय इंग्रजीत रागावलो की हाताला सवयीने ‘काइंडली’ येतं. बावीस वर्षं नोकरी केल्याचा परिणाम, दुसरं काही नाही. म्हणून इथे मराठीत लिहितोय. भाषांतर तुम्ही करून घ्या. तुमच्याकडे सगळ्या कामांना सॉफ्टवेअर आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंगापुरातली एक इंटरनॅशनल शाळा. नाव लिहीत नाही. लिहिलं तर वकिलाचं पत्र येईल आणि तेही ‘डिअर पेरेंट’नेच सुरू होईल. या शाळेत बारावीच्या मुलांना सीनियर म्हणतात आणि वर्षअखेरीला एक जाडजूड इयरबुक छापतात. त्यात प्रत्येक सीनियरला अर्धं पान. मोठा फोटो, खाली नाव, त्याखाली एक ओळ. खालच्या वर्गांचे फोटो शाळा काढते, हा काढत नाही. घरच्यांनी काढायचा आणि पोर्टलवर चढवायचा. उघड्यावर काढलेला, उभा, एकटीचा. हातात वस्तू नको, डोक्यावर टोपी नको, मागे जाहिरात नको. संधी तीन. तिन्ही वेळा पोर्टलने नाकारला की पानावर राखाडी चौकोन, आणि त्यात माणसाच्या आकाराची सावली. खाली नाव मात्र छापतात, म्हणजे कोण नाही ते सगळ्यांना कळतं.

प्रियदर्शिनीची त्या चौकोनाशी जुनी ओळख होती. नववीत ती शाळेत उशिरा दाखल झाली, म्हणून राखाडी चौकोन. दहावीत शाळेच्याच फोटोग्राफरने तिला दोन गोऱ्या मुलींच्या मधे उभं करून फ्लॅश मारला. कडेच्या दोघी ट्यूबलाइटसारख्या उजळल्या आणि मधे चष्मा, दात आणि गणवेशाची कॉलर एवढ्याच वस्तू हजर होत्या. अकरावीत चष्मा काढून उभी राहिली. दात आणि कॉलर.

आता तिचा बाप. धम्मानंद माझा नागपूरच्या होस्टेलपासूनचा मित्र. पुंगोलला राहतो, कुठल्याशा जिवाणूंवर संशोधन करतो. जिवाणूंचे फोटो तो उत्तम काढतो, कारण ते हलत नाहीत आणि मत देत नाहीत. त्याची बायको सुजाता आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलेली. ती इथे असती तर हे प्रकरण पंधरा मिनिटांत संपलं असतं आणि तुम्ही सुखात असता. पण गुडघे वेळ बघून दुखत नाहीत.

“अबे उत्तम, तुझ्याकडे कॅमेरा आहे ना?” धम्मानंद फोनवर म्हणाला. “मग शनिवारी एक फोटो काढून टाक पोरीचा.”

काढून टाक. दाढ काढून टाकतात तसा.

कॅमेऱ्याबद्दल एक खुलासा केलाच पाहिजे, कारण पुढे माझ्या पात्रतेवर बरंच बोललं गेलं. मला फोटोग्राफी कुणी शिकवली नाही. मी व्हिडिओ बघून, मॅन्युअल वाचून आणि चुकून शिकलो. गेल्या दोन वर्षांत मी सहा हजार फोटो काढले, त्यातले निम्मे आमच्या तोआ पायोहच्या चौदाव्या मजल्यावरून, समोरच्या ब्लॉकच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे. आमच्या मंडळींच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा अधिकृत फोटोग्राफरही मीच आहे. त्या फोटोंत लोकांचे डोळे मिटलेले येतात. ध्यान चाललं होतं असं मी सांगतो, आणि आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रियदर्शिनी घरी आली. ही मुलगी मराठीत दोनच प्रसंगी बोलते: आजीशी, आणि भांडताना. बाकी सगळा कारभार इंग्रजीत, शेवटी ‘ला’ लावून. तिने आमच्या सोफ्यावर बसून जुनी तीन इयरबुकं माझ्यापुढे ठेवली, राखाडी चौकोन दाखवला, दात दाखवले, पुन्हा दात दाखवले. मग म्हणाली, “काका, ब्यूटिफुल नको हां. जस्ट मेक मी लुक लाइक मी. कॅन?”

मी म्हणालो, “कॅन.”

पुढचं सगळं रामायण त्या एका ‘कॅन’चं आहे. माणसाने इंग्रजीत दिलेला शब्दसुद्धा शब्दच असतो, हे मला नंतर कळलं.

बातमी फुटायला एक दिवस लागला नाही. लता, म्हणजे माझी बायको, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिने पहिला सल्ला दिला. म्हणाली, “काय करायचं ते मुलीला विचारून करा.” हा सल्ला मला फारच साधा वाटला, म्हणून मी तो बाजूला ठेवला. दुसरा सल्ला विवेककडून आला. विवेक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, मूळचा पुण्याचा, नोव्हेनालाच कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहतो, आणि त्याच्याकडे अशी एक लेन्स आहे की ती नेताना माणसाला पाठीचा पट्टा लागतो.

“उत्तमराव, सगळा खेळ लेन्सचा असतो,” तो म्हणाला. “कॅमेरा काय, कोणीही घेतो.”

कोणीही म्हणजे कोण ते मला समजलं. तरी लेन्स घेतली. वर त्याने आपल्या कॉन्डोची बाग देऊ केली. मागे हिरवळ, झुळझुळ पाणी, जाहिरात एकही नाही. शनिवारी चार वाजता आम्ही तिघं तिथे पोचलो, मी ट्रायपॉड उभा केला, विवेकने आपल्या गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदा उघडून प्रियदर्शिनीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला घेतला, आणि सिक्युरिटी गार्ड आला.

शूट आहे का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, घरगुती फोटो आहे. त्याने ट्रायपॉडकडे बोट केलं. “ट्रायपॉड मीन्स शूट, सर.” हाताने काढला तर फोटो, तीन पायांवर काढला तर शूट, शूटला मॅनेजमेंट कमिटीचा फॉर्म, तो कामाचे तीन दिवस आधी. मी ट्रायपॉडचे पाय मिटवले. आता ही काठी आहे, मी म्हटलं. गार्डने ते मानलं, माणूस वाईट नव्हता. पण मग त्याची नजर विवेकच्या हातातल्या पडद्याकडे गेली. हे काय? विवेक म्हणाला, गाडीचं आहे. गार्डने शांतपणे विचारलं, गाडी कुठे आहे? गाडी तळघरात होती.

मी विवेकला म्हटलं, अरे, तू इथला मालक आहेस, बोल काहीतरी. विवेक फर्नच्या झुडपाकडे बघत राहिला. मागच्या वर्षी कुणीतरी व्हिडिओ करताना ही फर्न तुडवली होती, तेव्हा बागेच्या उपसमितीत हा नियम त्यानेच मांडला होता.

“माझाच नियम आहे, उत्तमराव. मलाच कसा मोडता येईल?”

या माणसाबद्दल मला त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढाच संतापही आला, आणि दोन्हीपैकी कुठलं आधी व्यक्त करावं हे न कळून मी लेन्स बॅगेत भरली. प्रियदर्शिनी एवढंच म्हणाली, “नेव्हर माइंड ला.” तिला नकारांची सवय होती. ती सवय मला तेव्हा समजूतदारपणा वाटली.

दुसऱ्या दिवशी पुंगोल. पाण्याच्या काठचा लांबलचक रस्ता, झाडं, मोकळं आकाश, आणि फॉर्म नाही. फक्त तिथवर पोचायला एलआरटी, म्हणजे दोन डब्यांची छोटी रेल्वे. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, पुंगोलची एलआरटी गोल फिरते. चुकीच्या बाजूने बसलात तरी माणूस शेवटी पोचतो. तोवर सूर्य गेलेला असतो. मी चुकीच्या बाजूने बसलो. पाठीवर विवेकची लेन्स, एका हातात काठी म्हणवणारा ट्रायपॉड, दुसऱ्या हातात चंदेरी पडदा. शेजारच्या बाबागाडीतलं मूल त्या पडद्यात स्वतःला बघून रडायला लागलं आणि सगळा डबा माझ्याकडे बघत होता. इथला सूर्य बारा महिने सातच्या सुमारास मावळतो, सरकारी नोकरासारखा, पाच मिनिटं जास्त थांबत नाही. प्रियदर्शिनी स्टेशनवर वाट बघत होती; आम्ही पाण्याशी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते.

आणि जागा आधीच भरलेली. पंधरा-वीस निवृत्त चिनी काका, प्रत्येकापुढे तोफेएवढी लेन्स, सगळ्यांचं तोंड पाण्यातल्या एका खांबाकडे. त्या खांबावर खंड्या येऊन बसतो म्हणे. आम्ही उभे राहताच एकाने मला हाताने खूण केली की मुलीला हलवा, पक्षी घाबरेल. एका माणसाचा चेहरा इयरबुकात यावा म्हणून मी आलो होतो आणि पक्ष्याचा आधीच नंबर लागला होता. मी वाद घालणार, तेवढ्यात त्यातला एक जण माझ्याकडे बघून हसला. आमच्याच ब्लॉकमधले, सातव्या मजल्यावरचे कोह अंकल. चाळीस वर्षं तोआ पायोहला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, लग्नाचे, मयताचे, सगळे फोटो. आता दुकान बंद आणि पक्षी सुरू.

त्यांनी माझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन बघितली. मी काढलेल्या दहाही फोटोंत आकाश झकास आलं होतं आणि प्रियदर्शिनीच्या जागी पुन्हा दात.

“यू आस्क द स्काय,” कोह अंकल म्हणाले. “स्काय से व्हेरी ब्राइट. व्हाय यू आस्क द स्काय? आस्क हर फेस.”

म्हणजे असं, की कॅमेरा उजेड मोजतो, आणि मी तो आकाशावर रोखून मोजत होतो. दोन वर्षांत एकाही व्हिडिओने मला हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. अंकलनी चंदेरी पडदा घडी करून माझ्या काखेत कोंबला, प्रियदर्शिनीला पाण्याकडे तोंड करून उभं केलं, आणि कॅमेऱ्याला तिच्या गालावर उजेड मोजायला लावला. तिला म्हणाले, काकासाठी हसू नको, खांबाकडे बघ.

तेवढ्यात खंड्या आला. वीस तोफा एकदम कडकडल्या. प्रियदर्शिनीची मान किंचित वळली, भुवया वर गेल्या, ती हसायच्या बेतात होती आणि अजून हसली नव्हती. मी बटण दाबलं.

तो फोटो मी अजून रोज बघतो. पाण्यावरून आलेला मऊ उजेड तिच्या कपाळावर, गालाच्या हाडावर, हनुवटीवर. डावीकडच्या भुवईतला लहानपणचा टाका दिसतो. डोळे दिसतात, आणि त्या डोळ्यांना काय दिसलं तेही दिसतं. मुलगी काळी आहे. सावळी लिहीत नाही. आपल्याकडे काळीला सावळी म्हणतात, सावळीला गव्हाळ, गव्हाळ असेल तिला गोरी. प्रत्येकीला एकेक पायरी बढती. आपल्या समाजात एवढ्या एकाच खात्यात कुणाचं प्रमोशन अडत नाही. तर मुलगी काळी आहे आणि फोटोत ती तशीच, आणि फोटो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला. परत जाताना एलआरटी योग्य बाजूची लागली.

सोमवारी सकाळी मी तो पोर्टलवर चढवला. चार सेकंदांत तुमचं उत्तर आलं. डिअर पेरेंट, चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश नाही.

इथून माझी घसरण सुरू होते, आणि मी ती लपवणार नाही.

विवेकच्या बायकोने, मीनलवहिनींनी, लगेच एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. ‘पियू फोटो’. त्यात त्या, विवेक, धम्मानंद, नागपूरहून सुजाताची भावजय, आणि मी. ज्या मुलीचा फोटो ती नव्हती, कारण तिला परीक्षेच्या दिवसांत त्रास नको. मीनलवहिनींनी लिहिलं, “उत्तमभाऊ, जरासा उजळा हो. दहाच. कुणाला कळणारही नाही.” फोटो सुधारायच्या अॅपमध्ये एक पट्टी असते, ती उजवीकडे सरकवली की उजेड वाढतो, वर आकडा दिसतो. मी दहावर नेली. धम्मानंदने अंगठा दाखवला. विवेकने लिहिलं की छपाईत फोटो काळवंडतो, सेफ्टी मार्जिन म्हणून आणखी आठ ठेवा. बँकेत शिकलेला माणूस, मार्जिनशिवाय त्याला झोप येत नाही. अठरा. धम्मानंदचा अंगठा. मग नागपूरहून सुजाताची भावजय: पोरगी फोटोत कशी प्रसन्न आहे, पण अजून दहा केले तर चारचौघांत उठून दिसेल. अठ्ठावीस. अंगठा.

आणि मग मी आणखी दहा केले.

ते कुणी सांगितले नव्हते. मंगळवारची दुपार होती, घरी मी एकटाच होतो, पट्टीवर बोट होतं, आणि अठ्ठावीसवर फोटो चांगला दिसतोय तर अडतीसवर आणखी चांगला दिसेल असं मला वाटलं. चांगला म्हणजे काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. हाच मी, ज्याने चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात स्वाभिमान या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं होतं आणि वेळ संपल्याची चिठ्ठी आल्यावर ती खिशात घातली होती.

अडतीसचा फोटो मी चढवला. चार सेकंद. डिअर पेरेंट, प्रकाश योग्य आहे. परंतु हा चेहरा आमच्या नोंदीतल्या विद्यार्थिनीशी जुळत नाही.

तुमच्या नोंदीतली विद्यार्थिनी कोण, तर दहावीतली. चष्मा, दात, कॉलर. तिच्याशी जुळवायचं तर अंधार पाहिजे, आणि पुरेसा प्रकाश पाहिजे तर ती मुलगी तुमच्या नोंदीतून जाते. मी इंजिनियर आहे, पंपांवर काम करतो. एका बाजूला झडप बंद आणि दुसऱ्या बाजूला दाब वाढवा असं कुणी सांगितलं तर आम्ही त्या माणसाला प्लान्टमध्ये शिरू देत नाही.

मी तुम्हाला फोन केला. तुमच्याकडच्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, सिस्टिम सगळ्यांना सारखीच वागवते, सर. मी म्हटलं, मग पहिल्या फोटोत काय कमी होतं? त्या म्हणाल्या, थोडा उजेड वाढवून बघा. मी म्हटलं, वाढवला, तर तुम्ही म्हणता ही ती नव्हे. त्या म्हणाल्या, मग इतका नको वाढवायला.

“मग किती?” मी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही, सर.”

माहीत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. सांगता येणार नाही म्हणाल्या. हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवलं आहे, वेळेसकट.

संतापाने मी खाली निघालो तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरून आलेले कोह अंकल. त्यांना दुसरा फोटो दाखवला, म्हटलं, बघा, यंत्र म्हणतं ही ती मुलगी नाही. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

“यू वॉश हर फेस, इज इट?” ते म्हणाले. “मशीन करेक्ट, व्हॉट.” आणि सातव्या मजल्यावर उतरून गेले.

म्हातारा आहे, मोतीबिंदू असेल, अशी मी मनाची समजूत घातली. संध्याकाळी लताला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि एकच विचारलं, “पोरीला दाखवला?” मोतीबिंदू दोघांना असू शकतो. लताला तर कामाचा ताणही असतो.

बुधवारी शाळा सुटल्यावर प्रियदर्शिनीच आली. नाकारलेला फोटो मी ग्रुपवर टाकला होता; तो मीनलवहिनींकडून कुणाकडे आणि तिथून तिच्याकडे पोचला होता. बूट काढले, बॅग ठेवली, आणि फोन माझ्यासमोर धरला.

“काका, ही कोण आहे?”

मराठीत.

मी बोलायला लागलो. छपाईत काळवंडतं, पोर्टलला उजेड लागतो, सेफ्टी मार्जिन. पंपाच्या बिघाडाचा रिपोर्ट देतात तसा बोललो, त्यात चूक कुणाचीच नसते. ती ऐकत होती. लता स्वयंपाकघरात कणीक मळत होती. माझं संपल्यावर प्रियदर्शिनी म्हणाली, “नववीत मी नव्हते. दहावीत दात होते. आता ही आहे. मी कधी येणार?”

माझ्याकडे पंचवीस मिनिटांचं भाषण तयार होतं आणि त्यातली एकही ओळ इथे लागू पडत नव्हती.

शेवटी मी म्हटलं की आपण पुन्हा जाऊ पुंगोलला, नवा काढू, अजून एक संधी आहे. तिने मान हलवली. मी काढलेला पहिला फोटो तिला आवडला होता. लताने तो तिला रविवारीच पाठवला होता, मला न विचारता. आणि गेले तीन दिवस तो तिच्या फोनवर मुख्य चित्र म्हणून लावलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. तोच चढवा, ती म्हणाली.

“तो पुन्हा नाकारतील, बेटा. यंत्र आहे ते.”

“त्यांनी रिजेक्ट केला तर त्यांनी केला,” ती म्हणाली. “तुम्ही नका करू.”

मी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. बटण तिने दाबलं. लता मागे येऊन उभी राहिली, हाताला कणीक तशीच. चार सेकंद. डिअर पेरेंट, चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश नाही. आपल्या संधी संपल्या आहेत. काळजी नसावी, आपल्या पाल्याच्या नावासह एक आकर्षक चौकोन छापला जाईल.

आकर्षक. हा शब्द तुमचा आहे, मी फक्त भाषांतर केलं.

प्रियदर्शिनीने तो वाचला, मग “ओके ला” म्हणून लताने केलेल्या दोन पोळ्या गुळाबरोबर खाल्ल्या. रडली वगैरे नाही. तुम्हाला तेवढं समाधान मिळणार नाही. जाताना दारात बूट घालत म्हणाली, “बट द फोटो इज नाइस, काका.” रात्री धम्मानंदचा फोन आला. म्हणाला, “अबे, मी चारही वेळा अंगठा दाखवला ना?” तीन वेळा, मी म्हटलं, चौथ्या वेळी तुला विचारलंच नव्हतं. तेवढाच दिलासा मी त्याला देऊ शकलो.

कोह अंकलनी पहिला फोटो स्वतःच्या प्रिंटरवर मोठा छापून दिला. लताने तो हॉलमध्ये लावला, दारातून समोरच दिसेल असा. परवा सामान घेऊन डिलिव्हरीवाला आला. मागच्या शनिवारीही तोच आला होता आणि तेव्हा दार प्रियदर्शिनीने उघडलं होतं, दहा सेकंदांसाठी. परवा तो तांदळाची पिशवी ठेवून वर बघतो तर समोर फोटो. “ओह, दॅट गर्ल,” तो म्हणाला. “नाइस फोटो.” एवढं बोलून लिफ्टकडे पळाला, त्याला अजून अकरा घरं करायची होती.

माणसाला दहा सेकंदांच्या ओळखीवर ती पटली. तुमच्याकडे ती चार वर्षं आहे.

आता मुद्द्याचं. छपाई सोमवारी आहे, हे तुमच्याच संकेतस्थळावर लिहिलंय. म्हणजे हातात चार दिवस आहेत. हे तुमच्यापर्यंत पोचेल याची व्यवस्था मी केली आहे; विवेक तुमच्या पालक समितीतल्या एकाबरोबर टेनिस खेळतो, आणि नियम मोडायचा नाही पण कागद पोचवायचा, एवढं त्याने या वेळी कबूल केलंय. मीनलवहिनींनी इंग्रजी भाषांतराची तयारी दाखवली. ते करताना त्या एकदा थांबल्या आणि दहाचा आकडा काढून टाकता येईल का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी ठेवला. सोबत पहिला फोटो जोडला आहे. त्यावर एकही पट्टी सरकवलेली नाही.

तुमच्या बाईंनी आकडा सांगता येणार नाही म्हटलं, म्हणजे आकडा आहे. कुणीतरी माणसाने, खुर्चीत बसून, कुठल्यातरी पट्टीवर बोट ठेवून ठरवलं की इथून पुढे चेहरा आणि इथून मागे अंधार. ते बोट कुणाचं होतं ते मी विचारत नाही. माझंही एक होतं. माझा आकडा मी वर सगळ्यांसमोर लिहिला आहे. अडतीस. त्यातले दहा मीनलवहिनींचे, आठ विवेकचे, दहा नागपूरचे, आणि दहा माझे स्वतःचे, कुणी न सांगता केलेले.

तुमचा किती आहे? सोमवारच्या आत, लेखी सांगा.